सेऊलचे सुवर्णपदक

कुस्तीच्या आखाड्यात एका मल्लाची पाठ मातीला लागली की निकालाविषयी वाद उरत नाही. हजारो प्रेक्षकांनी ती पाठ टेकलेली पाहिलेली असते आणि खुद्द पडलेल्या मल्लालाही ती गोष्ट नाकारता येत नाही. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ बोलते, भालाफेकीत मोजपट्टी बोलते, फुटबॉलच्या सामन्यात जाळ्यात जाऊन पडलेला चेंडू बोलतो. या खेळांत मनुष्य बहुतांशी साक्षीदार असतो. निकाल वस्तूच देऊन टाकते. हौशी मुष्टियुद्धाचे मात्र तसे नाही. तेथे एखादा योद्धा धराशायी होऊन दहा अंक मोजेपर्यंत उठला नाही, तर प्रश्न आपोआप सुटतो. परंतु बहुसंख्य लढतींत दोघेही अखेरची घंटा होईपर्यंत आपल्या पायांवर उभे असतात आणि मग कोण जिंकला हे रिंगणाच्या कडेला बसलेली पाच माणसे सांगतात. त्या पाच माणसांना जे दिसले, किंवा दिसले असे त्यांनी ठरविले, तोच निकाल. खेळाचा सारा न्याय पाच जोडी डोळ्यांवर आणि पाच मनांच्या सचोटीवर तोलून धरलेला असतो.

हा तोल ढळला म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २ ऑक्टोबर १९८८ रोजी दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सेऊल नगरीत घडले. त्या दिवशी ऑलिंपिक सामन्यांतील लाइट मिडलवेट या वजनगटाची अंतिम लढत होती. एका बाजूला अमेरिकेचा रॉय जोन्स आणि दुसऱ्या बाजूला यजमान देशाचा पार्क सी-हुन. लढत अवघ्या नऊ मिनिटांची. पण तिच्या निकालाचा वाद त्यानंतर तीन तपे चालू राहिला, त्यापायी खेळाचे नियम बदलले, यंत्रे आली, यंत्रे गेली. आणि जो न्याय कोणत्याही मंडळाला देता आला नाही, तो अखेरीस एका अनपेक्षित माणसाच्या हातून झाला.

वजनगट ही मुष्टियुद्धातील न्यायाची पहिली पायरी होय. शंभर किलो वजनाच्या मनुष्याचा ठोसा आणि साठ किलो वजनाच्या मनुष्याचा ठोसा यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून सारख्या वजनाच्या माणसांनाच परस्परांशी लढू द्यावे, हे तत्त्व फार पूर्वीच मान्य झाले. सेऊलच्या सामन्यांत असे बारा गट होते. त्यांतील लाइट मिडलवेट हा ६७ किलोंच्या वरचा आणि ७१ किलोंपर्यंतचा गट. लढतीच्या दिवशी सकाळी प्रत्येकाला काट्यावर उभे राहावे लागे आणि काटा ७१ च्या पुढे गेला तर तो स्पर्धेतून बाद होई. येथेही न्याय वस्तूच करते. काट्याला देश नसतो आणि भीडही नसते.

हा गट ऑलिंपिकमध्ये प्रथम आला तो १९५२ च्या हेलसिंकी येथील सामन्यांत. त्याचा पहिला विजेता हंगेरीचा लास्लो पाप हा डावखुरा योद्धा होता. १९४८ साली लंडनला मिडलवेट गटात सुवर्णपदक मिळविलेल्या पापने १९५२ आणि १९५६ या दोन्ही सामन्यांत हा नवा गट जिंकला आणि तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारा पहिला मुष्टियोद्धा असा लौकिक संपादन केला. या वजनाच्या योद्ध्यांत जडांची ताकद आणि हलक्यांची चपळाई यांचा संगम आढळतो. म्हणूनच या गटातील लढती जाणकारांना विशेष प्रिय असत. २००० च्या सिडनी येथील सामन्यांनंतर गटांची फेररचना होऊन हे नाव ऑलिंपिकमधून नाहीसे झाले.

आता न्यायाची दुसरी पायरी, म्हणजे गुण देण्याची रीत, नीट समजून घेतली पाहिजे. कारण सारी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते. रिंगणाला रिंगण म्हणतात खरे, पण ते चौकोनी असते. दोरांनी वेढलेला, प्रत्येक बाजूस सुमारे सहा मीटर लांबीचा ओटाच तो. त्यात दोन योद्ध्यांखेरीज एक पंच असतो. नियमभंग झाला तर तो ताकीद देतो, एखादा योद्धा ठोशाने भांबावला तर लढत थांबवून आठ अंक मोजतो, आणि धोका वाटल्यास लढत संपवितो. गुण देणे हे त्याचे काम नव्हे. ते काम रिंगणाबाहेर निरनिराळ्या बाजूंना एकमेकांपासून दूर बसलेल्या पाच निर्णायकांचे. हे निर्णायक लढणाऱ्या दोन्ही देशांचे नसावेत, असा संकेत आहे.

निर्णायकाने काय पाहावयाचे? कोण अधिक आवेशाने धावून गेला, कोणाच्या नावाने प्रेक्षक ओरडले, कोणाच्या अंगाला अधिक घाम आला, हे नव्हे. मुठीच्या बोटांच्या पेरांवर येणारा मोज्याचा भाग प्रतिपक्ष्याच्या चेहऱ्याच्या किंवा डोक्याच्या पुढील अथवा बाजूच्या भागावर, किंवा कमरपट्ट्याच्या वरच्या देहावर, मध्ये हात आडवा न येता स्वच्छपणे पोहोचला, तर तो ठोसा धरावयाचा. उघड्या पंजाने मारलेली चपराक धरावयाची नाही, पाठीवर बसलेला ठोसा धरावयाचा नाही, दंडावर अडलेला धरावयाचा नाही. हौशी मुष्टियुद्धात प्रतिपक्ष्याला खाली पाडले म्हणून वेगळे गुण मिळत नसत. पाडणारा ठोसा आणि हलका पण स्वच्छ ठोसा यांचे मोल नियमाने सारखेच. सांगावयास हे सोपे आहे. परंतु तरबेज योद्ध्याचे तीन-चार ठोसे एका सेकंदात येऊन जातात. त्याच क्षणी पंचाची पाठ मध्ये येते, योद्धे वळतात, आणि जे एका बाजूच्या निर्णायकाला लख्ख दिसते ते समोरच्या बाजूला बसलेल्याला मुळीच दिसत नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या दृष्टीने भरून निघावी, यासाठीच पाच निर्णायकांची योजना आहे.

१९८८ साली तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत. प्रत्येक फेरीत जो सरस ठरेल त्याला २० गुण द्यावयाचे आणि दुसऱ्याला त्याच्या कामगिरीच्या मानाने त्याहून कमी. अर्थात तिन्ही फेऱ्या जिंकणाऱ्याची बेरीज ६० होई. दोन फेऱ्या एकाने आणि एक फेरी दुसऱ्याने अगदी थोडक्यात जिंकली तर ५९ विरुद्ध ५८ असा हिशेब होई. बेरीज सारखी आली तरी निर्णायकाला बरोबरी जाहीर करण्याची मुभा नसे. लढतीत पुढाकार कोणी घेतला, शैली कोणाची सरस, बचाव कोणाचा चांगला, हे पाहून त्याने एका नावापुढे खूण करावी लागे. पाचांपैकी तिघांचे मत ज्याच्या बाजूने पडेल तो विजयी. म्हणजे सारा प्रश्न शेवटी तीन विरुद्ध दोन या गणितावर येऊन ठेपू शकत असे.

सेऊलचे वातावरण पहिल्या आठवड्यापासूनच तापलेले होते. त्याची पाळेमुळे चार वर्षे मागे, १९८४ च्या लॉस एंजलिस येथील सामन्यांत होती. तेथे निर्णायकांनी अमेरिकन योद्ध्यांना झुकते माप देऊन आपल्या माणसांवर अन्याय केला, अशी कोरियन पक्षाची तक्रार होती. आता यजमानपद कोरियाकडे आले होते. २२ सप्टेंबर १९८८ रोजी बँटमवेट गटात कोरियाचा ब्यून जंग-इल हा बल्गेरियाच्या अलेक्झांडर ह्रिस्तोवकडून हरला. डोक्याने धडक दिल्याबद्दल न्यूझीलंडच्या पंचाने ब्यूनचे गुण कापले होते. निकाल जाहीर होताच कोरियन पथकातील माणसे दोर ओलांडून रिंगणात शिरली आणि त्यांनी पंचावर हल्ला केला. ब्यून रिंगणातच बसून राहिला. ६७ मिनिटे तो तेथून हलला नाही. शेवटी क्रीडागृहातील दिवे मालवण्यात आले. तो पंच तातडीने मायदेशी निघून गेला. पुढील दिवसांत रिंगणाच्या कडेला बसलेल्या प्रत्येक निर्णायकाने हे दृश्य पाहिले किंवा ऐकले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

अशा वातावरणात लाइट मिडलवेट गटाच्या लढती एकेक करून पुढे सरकत होत्या. ही स्पर्धा बाद पद्धतीची असते. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि एकदा हरलेला परत येत नाही. उपान्त्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. रॉय जोन्स हा फ्लॉरिडा राज्यातील पेन्साकोला गावचा, अवघा एकोणीस वर्षांचा तरुण. पहिल्या लढतीत त्याने मलावीच्या प्रतिस्पर्ध्याला पहिल्याच फेरीत गारद केले. त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाचा फ्रानेक, सोव्हिएत संघाचा झाइत्सेव आणि उपान्त्य फेरीत ब्रिटनचा रिची वूडहॉल या तिघांनाही त्याने पाच विरुद्ध शून्य अशा एकमताने हरविले. हात खाली सोडून उभे राहावे, प्रतिपक्ष्याला पुढे येऊ द्यावे, त्याचा ठोसा केसभर अंतराने चुकवावा आणि तो सावरण्यापूर्वी दोन-तीन ठोसे मारून बाजूला व्हावे, अशी त्याची तऱ्हा होती.

पार्क सी-हुन हाही सामान्य योद्धा नव्हता. तो जिद्दी होता, अनुभवी होता. परंतु अंतिम फेरीपर्यंतची त्याची वाट वादांनी भरलेली होती. सुदानच्या योद्ध्याविरुद्धची त्याची लढत शरीरावरील ज्या ठोशांनी संपली त्यांच्या वैधतेविषयी शंका घेतली गेली. इटलीच्या व्हिन्चेन्झो नार्दियेल्लोवरील त्याचा विजय तीन विरुद्ध दोन मतांचा होता आणि तो निकाल इटलीला पटला नाही. उपान्त्य फेरीत मात्र कॅनडाच्या रे डाउनी याला त्याने निर्विवाद हरविले. या गटाची कांस्यपदके डाउनी आणि वूडहॉल यांना मिळाली.

अंतिम लढत जामसिल येथील विद्यार्थी क्रीडागृहात झाली. पहिल्या फेरीपासून ती एकतर्फी होती. जोन्सचा डावा हात सुटे आणि पार्कचा चेहरा मागे जाई. पार्क उत्तर देण्यासाठी पुढे येई तो समोर कोणीच नसे. दुसऱ्या फेरीत पंचाला मध्ये पडून पार्कपुढे आठ अंक मोजावे लागले. दूरचित्रवाणीच्या वतीने झालेल्या मोजणीत पहिल्या फेरीत जोन्सचे २० ठोसे पोहोचले आणि पार्कचे ३. दुसरीत ३० विरुद्ध १५. तिसरीत ३६ विरुद्ध १४. एकूण ८६ विरुद्ध ३२. ही मोजणी निर्णायकांची नव्हे आणि तिला नियमाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. परंतु अडीचपटीहून अधिक असलेला हा फरक दृष्टिभ्रमाने किंवा बसण्याच्या जागेने समजावून सांगता येत नाही.

घंटा झाली. मोजे उतरले. रिवाजाप्रमाणे पंच दोघांचे मनगट धरून मध्ये उभा राहिला. ध्वनिक्षेपकावर निकाल सांगितला गेला आणि पंचाने पार्कचा हात वर उचलला. तीन विरुद्ध दोन. विजयी योद्ध्याच्या मुद्रेवर आनंदापेक्षा संकोचच अधिक होता. पुढे होऊन त्याने हरलेल्या जोन्सला मिठी मारली आणि उचलून धरले. मुष्टियुद्धात हरलेला जेत्याचे अभिनंदन करतो. येथे जेताच हरलेल्याची क्षमा मागत असल्याप्रमाणे दिसत होता.

गुणपत्रिका पाहिल्या असता चित्र असे होते. सोव्हिएत संघाच्या आणि हंगेरीच्या निर्णायकांनी ६० विरुद्ध ५६ अशा ठळक फरकाने जोन्सला विजयी ठरविले होते. ते दिवस दोन महासत्तांच्या शीतयुद्धाचे होते. अमेरिकन योद्ध्याच्या बाजूने मत देण्याचे कोणतेही राजकीय कारण या दोघांना नव्हते; असलेच तर उलट होते. तरीही जे दिसले ते त्यांनी लिहिले. मोरोक्को आणि उरुग्वे येथील निर्णायकांनी पार्कला किंचित सरस ठरविले. युगांडाच्या निर्णायकाची बेरीज ५९ विरुद्ध ५९ अशी बरोबरीची आली आणि खूण करावयाची वेळ आली तेव्हा ती त्याने पार्कच्या नावापुढे केली. एका खुणेवर सुवर्णपदक इकडचे तिकडे झाले.

यानंतर मोरोक्कोच्या निर्णायकाने दिलेले म्हणून जे स्पष्टीकरण वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, ते सर्वांत विचार करावयास लावणारे आहे. अमेरिकन इतक्या सहज जिंकला होता की उरलेले चौघे त्यालाच मत देणार याविषयी आपल्याला शंका नव्हती. म्हणून यजमान देशाची फार मानहानी होऊ नये, निकाल निदान चार विरुद्ध एक असा दिसावा, या हेतूने आपण कोरियनाला मत दिले, अशा आशयाचे ते स्पष्टीकरण होते.

दुधाच्या हौदाची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. रात्रीच्या वेळी प्रत्येकाने हौदात तांब्याभर दूध ओतावे, अशी राजाज्ञा झाली. इतके लोक दूध ओतणार, त्यात आपले तांब्याभर पाणी कोणाला कळणार, असे प्रत्येकाने मनाशी म्हटले; आणि सकाळी पाहतात तो हौद पाण्याने भरलेला. पाच निर्णायक नेमण्यामागे कल्पना अशी की एकाचा दोष चौघांच्या गुणांत बुडून जावा. परंतु पाचांतील एकाने जरी सत्य सांगण्याचे काम इतर चौघांवर सोपविले, तरी ती व्यवस्था पोकळ होते. हा अन्याय लाच घेऊन झाला असे सिद्ध झाले नाही. पण तो निव्वळ भिडेखातर, दाक्षिण्यापोटीही होऊ शकतो, ही गोष्ट लाचेपेक्षा कमी गंभीर नाही. कारण लाच पकडता येते, भीड पकडता येत नाही.

त्याच सामन्यांत आणखी एक विसंगती घडली. ऑलिंपिकमधील सर्वांत शैलीदार मुष्टियोद्ध्याला व्हॅल बार्कर चषक देण्याची प्रथा १९३६ पासून आहे. सेऊलला तो मान रॉय जोन्सला मिळाला. म्हणजे जो आपल्या वजनगटात दुसरा ठरला, तो सर्व वजनगटांत पहिला ठरला! सुवर्णपदक न मिळविता हा चषक मिळविणारे त्याच्यापूर्वी दोघेच होते. १९३६ चा अमेरिकेचा लुई लॉरी आणि १९६८ चा केनियाचा फिलिप वारुइंगे. ते दोघे कांस्यपदकाचे मानकरी होते.

अमेरिकेने निकालाविरुद्ध दाद मागितली, पण तो बदलला नाही. बर्लिनची भिंत पडल्यानंतर पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे दप्तर उघड झाले, तेव्हा सेऊल येथे निर्णायकांना पैसे देण्यात आल्याचा आरोप त्यात नोंदलेला आढळला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चौकशी केली. परंतु भ्रष्टाचाराचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढून १९९७ साली तिने ते प्रकरण मिटविले. अधिकृत नोंदीत १९८८ चे सुवर्णपदक अजूनही पार्क सी-हुन याच्याच नावावर आहे.

खेळ चालविणाऱ्यांना मात्र स्वस्थ बसणे शक्य नव्हते. मनुष्याच्या मताऐवजी यंत्राचा हिशेब आणावा, असे ठरले आणि १९९२ च्या बार्सेलोना येथील सामन्यांत प्रत्येक निर्णायकापुढे दोन कळा असलेली पेटी आली. एक तांबड्या कोपऱ्यातील योद्ध्याची, दुसरी निळ्या कोपऱ्यातील योद्ध्याची. ठोसा दिसताच कळ दाबावयाची. पाचांपैकी निदान तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच कळ दाबली, तरच तो गुण धरला जाई. एकट्यादुकट्याच्या पक्षपाताला येथे वाव नाही, असे वाटले. पण पहिल्याच स्पर्धेत यंत्राने आपला निराळाच न्याय दाखविला. लाइट फ्लायवेट गटात अमेरिकेचा एरिक ग्रिफिन हा स्पेनच्या राफाएल लोझानोकडून ६ विरुद्ध ५ असा हरला. प्रत्येक निर्णायकाने दाबलेल्या कळा स्वतंत्रपणे मोजल्या, तर पाचही जणांच्या मते ग्रिफिनच पुढे होता. सर्वांची मिळून बेरीज ८१ विरुद्ध ५० होती. परंतु त्यांची बोटे एकाच सेकंदात एकत्र येत नव्हती. पाच माणसांना सत्य दिसले होते. ते एकाच क्षणी दिसले नाही, म्हणून यंत्राने नाकारले.

दुसरा परिणाम हळूहळू दिसू लागला. निर्णायकाला सहज दिसेल असा सरळ, लांबचा ठोसा तेवढा फलदायी ठरू लागला; जवळून शरीरावर मारलेले ठोसे, हुलकावणी, रिंगणावरील ताबा या गोष्टींचे मोल उरले नाही. योद्धे लढण्यापेक्षा कळ दाबवून घेऊ लागले. शेवटी २०१२ च्या लंडन येथील सामन्यांनंतर ही पद्धत टाकून देण्यात आली आणि प्रत्येक फेरीत सरस योद्ध्याला १० गुण देण्याची, म्हणजे पुन्हा माणसाच्या मतावर विसंबणारी रीत आली. त्यानंतरच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, २०१६ साली रिओ येथे, इतके निकाल वादग्रस्त ठरले की तेथील छत्तीसही पंच आणि निर्णायक दूर ठेवण्यात आले. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी-अहवालाने तेथे निकाल फिरविण्याची यंत्रणाच अस्तित्वात होती, असे सांगितले. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेला ऑलिंपिक समितीने २०१९ साली निलंबित केले होते. २०२३ साली तिची मान्यताच काढून घेतली. टोकियो आणि पॅरिस येथील लढती समितीला स्वतः चालवाव्या लागल्या. २०२५ साली एका नव्या संघटनेला तात्पुरती मान्यता मिळाली, तेव्हा कोठे १९०४ पासून ऑलिंपिकशी निगडित असलेला हा खेळ २०२८ च्या सामन्यांत राहणार, हे निश्चित झाले.

भारतीयांनाही या व्यथेचा अनुभव आहे. २०१४ साली दक्षिण कोरियातीलच इंचॉन येथे आशियाई सामने झाले. महिलांच्या ६० किलो गटाच्या उपान्त्य लढतीत मणिपूरची सरिता देवी यजमान देशाच्या पार्क जी-नाविरुद्ध उभी होती. सरिताने प्रतिपक्षिणीला जेरीस आणल्याचे भारतीय प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. निकाल मात्र शून्य विरुद्ध तीन असा लागला. पदक-समारंभात सरिताने रडत रडत आपले कांस्यपदक हातात घेतले आणि ते पार्क जी-नाच्या गळ्यात घातले. या वर्तनाबद्दल आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला एक वर्षासाठी स्पर्धांतून दूर केले. खेळाडूने निकाल शिरोधार्य मानला पाहिजे, हा नियम योग्यच आहे. त्यावाचून कोणताही खेळ चालणार नाही. परंतु त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की निकाल देणाऱ्यानेही तो शिरोधार्य मानण्याजोगा दिला पाहिजे.

सेऊलच्या त्या दोघांचे पुढे काय झाले? रॉय जोन्स १९८९ साली व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला आणि थोड्याच वर्षांत जगातील सर्वश्रेष्ठ योद्ध्यांत गणला जाऊ लागला. मिडलवेटपासून चढत चढत त्याने अनेक वजनगटांची जागतिक विजेतेपदे मिळविली आणि १ मार्च २००३ रोजी जॉन रुइझला हरवून हेवीवेट गटाचे विजेतेपदही घेतले. मिडलवेटच्या माजी जगज्जेत्याने हेवीवेटचे पद जिंकावे, असे त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे घडले नव्हते. पदक हुकले तरी कीर्तीने त्याला अंतर दिले नाही.

पार्क सी-हुनच्या वाट्याला मात्र सुवर्णपदक आले आणि त्याबरोबर अवहेलना आली. त्याने निर्णायकांकडे काही मागितले नव्हते. निकाल त्याने लिहिलेला नव्हता. तरीही जगभर, आणि खुद्द त्याच्या देशातही, त्याचे नाव उच्चारले जाई ते खोट्या विजयाचा धनी म्हणून. त्याने स्पर्धांतून निवृत्ती पत्करली. काही काळ शाळेत शिक्षकाचे काम केले आणि पुढे मुष्टियुद्धाचा प्रशिक्षक म्हणून आपल्या देशाच्या संघाची सेवा केली. त्या पदकामुळे आपण दीर्घकाळ खिन्नतेने ग्रासलो होतो, असे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. अन्यायाचा बळी एकच होता अशी जगाची समजूत होती. वस्तुतः ते दोन होते. ज्या भिडेने एकाचे पदक हिरावले, तिनेच दुसऱ्याचे समाधान हिरावले. रौप्यपदक मिळाले असते तर पार्क आपल्या देशाचा एक सन्मान्य योद्धा म्हणून ताठ मानेने वावरला असता.

२०२३ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस पार्क आपल्या मुलासह अमेरिकेला गेला. पेन्साकोला येथे जोन्सच्या व्यायामशाळेत दोघांची भेट झाली. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली होती. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मुलगा दुभाष्याचे काम करीत होता. पार्कने ते सुवर्णपदक बाहेर काढले, हे तुमचे आहे असे सांगितले, आणि जोन्सच्या स्वाधीन केले. जोन्सच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. या भेटीची चित्रफीत त्याने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला ही हकीकत कळली.

अधिकृत नोंद या भेटीने बदलली नाही. कोणतेही मंडळ बसले नाही, कोणताही ठराव झाला नाही. परंतु १९८८ साली रिंगणाच्या कडेला बसलेल्या पाच निर्णायकांखेरीज त्या लढतीचा आणखी एक साक्षीदार होता. त्याला पंचाची पाठ आड आली नव्हती, प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी त्याची दृष्टी झाकोळली नव्हती. कारण प्रत्येक ठोसा त्याने स्वतःच्या अंगावर घेतलेला होता. त्या सहाव्या माणसाने आपले मत पस्तीस वर्षांनी दिले आणि ते स्वतःच्या विरुद्ध दिले.